आठवड्यातून दीड तास, पालिका शाळेचा एक वर्ग

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गणपतीला दोन महिने उरले की ठाणे-नवी मुंबईच्या स्थानिक पानांवर ढोल-ताशा पथकांच्या सरावाच्या बातम्या येऊ लागतात, आणि त्यांच्या मागोमाग आवाजाच्या तक्रारीही. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. दुसऱ्या दिवशीच्या अंकात एखाद्या नाट्यगृहातल्या कार्यक्रमाचा फोटो छापून येतो: रांगेत उभी राहून गाणारी मुलं, मागे फलक, बाजूला पाहुणे. मधल्या अकरा महिन्यांत या मुलांनी कोणाबरोबर गायचं, हा प्रश्न आपल्या शहरांत कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

आमचं म्हणणं सामूहिक गायन-वादनाच्या साप्ताहिक बैठकीबद्दल आहे. ठरलेला वार, ठरलेली जागा, दीड तास. निवड चाचणी नाही, फी नाही, परीक्षा नाही. गावठाणातली आजी, सेक्टरमधले निवृत्त काका, घरकाम करणाऱ्या ताई, व्हीलचेअरवरचा तरुण, कमी ऐकू येणारी मुलगी, बाजार समितीतला माथाडी कामगार, नुकतंच बिहारहून आलेलं कुटुंब, असे वीसेक जण गोल बसून गातात आणि वाजवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण नुसतं एकत्र बसवल्याने माणसं जोडली जात नाहीत. त्या गाण्यात प्रत्येकाला असं काम लागतं, की तो आला नाही तर गाणं अपुरं वाटावं. हे काम गाण्याच्या बांधणीतच ठेवावं लागतं, आणि ते कसं ठेवायचं याची रीतसर पद्धत आहे.

याची बीजं आपल्याकडे जुनीच आहेत. शाहिरीत मुख्य शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी झील, म्हणजे पालुपद, उचलतात. भजनात बुवांच्या मागे टाळकरी असतात, कव्वालीत टाळ्या देत ओळ झेलणारे हमनवा असतात. नवा माणूस पहिल्या दिवशी झीलकरी म्हणून बसतो, चार शब्दांचं पालुपद त्याला दहा मिनिटांत येतं आणि तो गाण्याच्या आत असतो. जात्यावरच्या ओवीत तर प्रत्येकीला स्वतःची ओळ घालता येते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांच्या प्रयत्नांतून लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या, त्या अशाच सामान्य बायांच्या आहेत. आगरी-कोळी लग्नांत धवलारिणी धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गातात. ते जाणणाऱ्या बायका आजही आपल्या गावठाणांत आहेत, पण शेजारच्या सेक्टरला त्यांची ओळख नसते. बैठक सुरू करताना आधी हे शोधावं, की आसपास कोणाला काय येतं.

मात्र परंपरेबरोबर तिची वाईट बाजूही येते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. महाराष्ट्रात वाद्यांना जात चिकटलेली आहे. हलगी कोणी वाजवायची, संबळ कोणाच्या गळ्यात असायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. कोणी न सांगता ते बैठकीतही उतरतं: पेटी एका बाजूच्या हातात, हलगी दुसऱ्या बाजूच्या. म्हणून वाद्यं दर पंधरवड्याला फिरती ठेवावीत. पेटीवर नुसता सा-प धरून ठेवणं कोणालाही जमतं. हलगी येणाऱ्या माणसाला मात्र शिकवणाऱ्याच्या जागी बसवावं आणि इतरांनी त्याच्याकडून हात शिकावा. अंगठा खालून आणि बोटं वरून धरायची, उजव्या हातात टिपरू (जाड काडी), डाव्या हातात बारीक काडी. हे त्याने दाखवायचं आणि संगीताची विशारद परीक्षा झालेल्याने समोर बसून घ्यायचं. संगीतातला मान असा हातोहात दिला तरच पोचतो.

आता जागा. सोसायटीचं क्लबहाउस या कामाला चालत नाही. जिथे घरकामाला येणाऱ्या बाईला फाटकावर नोंद करावी लागते, तिथे ती गायला येत नाही. देवळाचा सभामंडप आणि मशिदीजवळचा हॉलही नको, कारण निम्मे लोक उंबऱ्यावरच थांबतात. पालिकेची शाळा मात्र गावठाण, सेक्टर आणि वस्ती या तिघांनाही आपली वाटते, कारण तिथे कोणी ना कोणी शिकलेलं असतं. नवी मुंबईत पालिकेच्या मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा आहेत. त्यांतली दोन माध्यमं एका आवारात असतील ती शाळा सर्वांत उत्तम. वर्ग तळमजल्यावर हवा, दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी हवी आणि उतार एकास बारा. म्हणजे एक फुटाची पायरी असेल तर बारा फुटांचा उतार. तीन फुटांची फळी टाकून व्हीलचेअर वर ढकलली, तर बसलेला माणूस पुढच्या आठवड्याला येत नाही. आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

खोली किती मोठी, याचा हिशोब सोपा आहे. गोलात प्रत्येकाला ७५ सेंमी जागा लागते. पंचवीस जणांचा घेर झाला सुमारे १९ मीटर, म्हणजे व्यास सहा मीटर, आणि पाठीमागून ये-जा करायला चहूकडे आणखी एक मीटर. त्यासाठी शाळेचं सभागृह लागतं. वीस बाय वीस फुटांच्या वर्गात सतरा-अठराच माणसं बसवावीत. दहाच्या खाली संख्या गेली की बुजरा माणूस उघडा पडतो. तिसाच्या वर गेली की पुढे बसलेल्याला सगळ्यांचे चेहरे दिसत नाहीत. एकामागे एक रांगा करू नयेत. मागची रांग श्रोता होते.

वेळ ठरवताना बहुतेक आयोजक चुकतात. संध्याकाळी सहा ही कार्यालयातल्या लोकांची सोय आहे. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी अडीच ते साडेचार मोकळे असतात. माथाडी कामगारांचा दिवस पहाटे सुरू होतो, त्यांना रात्री साडेआठची वेळ मानवत नाही. दिवा-मुंब्र्याकडून कुबड्या घेऊन लोकलने यायचं असेल, तर संध्याकाळची गर्दीची वेळ बादच. शिवाय वस्तीतल्या नळाला पाणी कधी येतं ते विचारून घ्यावं. वर्ग बंद का पडला याची कारणं शोधताना संगीत, भाषा, धर्म सगळं तपासलं जातं, आणि खरं कारण पाण्याची वेळ हे निघतं.

दीड तासाची आखणी अशी असते. पहिली दहा मिनिटं येणाऱ्यांसाठी: पेटीवर सा धरलेला, एकाच्या हातात संथ ठेका. उशिरा आलेला माणूस कोणाचा खोळंबा न करता त्यात मिसळतो. पुढची दहा मिनिटं नावांची. चार मात्रांत आपलं नाव टाळीवर म्हणायचं, सगळ्यांनी ते तसंच परत म्हणायचं. आपलं नाव वीस तोंडांतून लयीत परत येणं ही साधी गोष्ट नाही. ज्याला घरातही हाक नावाने मारली जात नाही, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. मग २५ मिनिटं एक गाणं, १५ मिनिटं चहा, २० मिनिटं वाद्यांचं काम आणि शेवटची दहा मिनिटं दर वेळी तेच समारोपाचं गाणं. चहा मधेच ठेवावा. शेवटी ठेवला की अर्धे लोक उभ्याउभ्या कप ठेवून निघतात, आणि बोलणं व्हायचं ते राहून जातं. क्रम आठवड्यामागून आठवडे बदलू नये. स्वमग्न मुलांना पुढे काय येणार हे माहीत असलं की त्यांची अस्वस्थता खूप कमी होते, आणि विसराळू झालेल्या वृद्धांनाही तोच आधार असतो.

गाणी कागदावरून शिकवू नयेत. वाचता न येणारे तिथेच मागे पडतात, आणि वाचता येणारे खाली मान घालून गातात. चार ते सात शब्दांचं पालुपद, तोंडून तोंडात. दुसऱ्या भाषेतलं गाणं त्या भाषेच्या माणसाने शिकवावं. त्याने म्हणावं, बाकीच्यांनी ऐकावं, उच्चार त्याच्याकडून सुधारून घ्यावा. भोजपुरी बोलणाऱ्या बाईकडून मराठी वीस जण शब्द शिकतात, तेव्हा रोजच्या व्यवहारातली उतरंड निदान वीस मिनिटं बदलते. देवाधर्माची गाणी वर्ज्य करण्याची गरज नाही, पण बैठकीची सुरुवात आणि शेवट कोणत्याही एका धर्माच्या गाण्याने करू नये.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती पट्टीमुळे, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरला त्यामुळे, आणि याकडे जाणकारांचंही लक्ष नसतं. पुरुष गायक सवयीने काळी एक किंवा काळी दोनला (पेटीवरच्या सप्तकातल्या पहिल्या किंवा दुसऱ्या काळ्या पट्टीला) सा धरतो. गाणं तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, गंधार-मध्यमाला गेलं की पन्नाशीच्या बायकांचा आवाज पोचत नाही. त्या आधी ओठ हलवतात, मग गप्प बसतात, आणि त्यांना वाटतं की आपल्याला गाता येत नाही. बाईच्या काळी चारला गाणं लावलं की पुरुषांचं तसंच होतं. उपाय असा: आधी गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा. बायकांच्या आवाजाच्या हिशोबाने खालचा सूर मधल्या सप्तकाच्या लगेच खालच्या पांढरी सहाच्या खाली जाऊ नये. ती पट्टी पहिली धरून पांढऱ्या पट्ट्या मोजत वर गेलं, तर वरचा सूर अकराव्या पट्टीपलीकडे जाऊ नये. पुरुष तेच सूर एक सप्तक खाली गातील. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य धैवतापर्यंत फिरणारं गाणं असेल तर सा पांढरी दोनला ठेवावा. सा पासून तार गंधारापर्यंत जाणारं असेल तर पांढरी सहा किंवा फार तर काळी पाच. याहून मोठा पल्ला असलेलं गाणं झीलेसाठी घेऊच नये. ते एकाने गावं आणि इतरांनी पालुपद धरावं. पेटीवाल्याला ही पट्टी सुरुवातीला गैरसोयीची वाटते. त्याने ती सोसावी.

तालाचं कामही असंच वाटून द्यावं लागतं. केरवा ताल घ्या: धा गे ना ती, न क धि न. आठ मात्रा. मिनिटाला ७५ मात्रांची लय धरली तर एक आवर्तन सुमारे साडेसहा सेकंदांचं होतं. ज्याचा हात हळू चालतो, उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सी असलेल्या तरुणाचा, त्याला फक्त समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, ठोका द्यावा, मोठ्या ढोलावर किंवा डग्ग्यावर. हात उचलून परत आणायला त्याला साडेसहा सेकंद मिळतात. पाचव्या मात्रेवर खंजिरी, प्रत्येक मात्रेवर घुंगरू, दर दोन मात्रांना टाळ, आणि पूर्ण बोल एकट्या ढोलकीवर. असं केलं की सगळ्या वर्गाचे कान त्या समेकडे लागतात. ठोका कधी अर्ध्या मात्रेने उशिरा पडला तर बाकीच्यांनी थांबायचं, आणि हे थांबणं वर्गाला मुद्दाम शिकवायचं. समूहात लय नेहमी चढते. ७५ वर सुरू झालेलं गाणं चार-पाच मिनिटांत ९० च्या पुढे सहज जातं, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याच्या किंचित पुढे राहतो आणि मागे यायला कोणी तयार नसतो. लय चढली की सर्वांत आधी समेवरचा तरुण सुटतो. त्यामुळे लय राखण्याची जबाबदारी त्याच्याच ठोक्याला द्यावी, टाळवाल्यांना नाही. मोबाइलवरचा मेट्रोनोम गाण्याच्या आधी आणि नंतर पाहिला की चढ लगेच कळतो.

याच कारणासाठी कराओके ट्रॅक वापरू नये, असं आम्ही ठामपणे म्हणतो. ट्रॅकची पट्टी आणि लय ठरलेली असते आणि तो कोणासाठीही थांबत नाही. चांगलं गाणाऱ्यांना त्यात मजा येते, पण ज्याच्यासाठी वर्ग काढला तो दुसऱ्या कडव्यालाच बाहेर पडलेला असतो. वीस-पंचवीस जणांच्या खोलीत मायकाचीही गरज नाही. माईक एकाच्या हातात गेला की उरलेले प्रेक्षक होतात.

वाद्यांचा संच वीस जणांना असा पुरतो: टाळ सहा जोड, चिपळ्या चार जोड, खंजिऱ्या तीन, दिमड्या तीन, घुंगरांचे पट्टे सहा, हलगी एक, ढोलकी एक, मोठा ढोल किंवा डग्गा एक, पेटी एक. टाळ सहाच्या वर नेऊ नयेत, झील ऐकू येत नाही. ताशा बंद खोलीत आणू नये. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसात आठ तासांपर्यंतच सोसावा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. सिमेंटच्या भिंती आणि फरशी असलेल्या वर्गात आवाज घुमून आणखी वाढतो. सतरंज्या अंथरल्या आणि दोन भिंतींवर जाड चादरी टांगल्या तरी फरक पडतो. शेजाऱ्यांचाही विचार आहेच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. दारं-खिडक्या लावून टाळ-दिमडीवर चालणाऱ्या बैठकीबद्दल शेजाऱ्यांना आधी भेटून सांगितलं की सहसा वाद होत नाही. त्यांनाच गायला बोलावलं तर आणखी बरं.

अर्धांगवायूने एक हात गेलेल्या माणसाला टाळ कसा द्यावा, हे जरा तपशिलात सांगतो, कारण इथे सहज चूक होते. दोन वाट्यांपैकी एक सागवानी फळीच्या तुकड्यावर बसवायची. दोरीच्या भोकातून बोल्ट घालायचा, वाटीच्या खाली आणि वर सायकलच्या ट्यूबचा कापलेला वायसर. नट पक्का कसला तर आवाज मेलेला येतो. बोटाने कड ढकलल्यावर वाटी किंचित डुलली पाहिजे, इतपतच कसायचा. फळी टेबलावर सी-क्लॅम्पने धरायची, आणि चालत्या हातातल्या वाटीने खालच्या वाटीच्या कडेवर तिरपा घाव घालायचा. सपाट घातला तर मधे हवा कोंडते आणि नाद दबतो. ज्याची मूठ नीट वळत नाही त्याच्या टिपऱ्याला सायकलच्या हँडलची मूठ चढवावी, साधारण तीन सेंमी जाडीची पकड होते. त्याहूनही जमत नसेल तर मनगटाला वेल्क्रोने घुंगरू. पण कोणी मागे बसून त्याचा हात धरून वाजवू नये. पालक आणि मदतनीस मायेपोटी तसं करतात, आणि मग ठोका त्या माणसाचा राहतच नाही. समोर बसावं, मोठी खूण दाखवावी आणि वाट पाहावी.

ऐकू न येणाऱ्यांना फरशीवर बसवून कंपनं मिळत नाहीत. सिमेंटचा स्लॅब जड आणि कडक असतो, तो थरथरत नाही. त्यासाठी आठ बाय चार फुटांचा १२ मिमीचा प्लायवूड, खाली दर दोन फुटांवर तीन इंची लाकडी पट्ट्या, असा पोकळ पाट करावा. ढोल त्याच्यावर ठेवावा आणि अनवाणी बसावं. व्हीलचेअर वर चढवायची असेल तर प्लाय १८ मिमीचा घ्यावा. त्वचेला सर्वांत चांगली जाणवतात ती सेकंदाला दोनशे-तीनशेच्या आसपासची कंपनं, हजाराच्या वर जवळपास काहीच जाणवत नाही. म्हणून ढोल, डग्गा आणि पखवाजाची धुम पायाला कळते, टाळ-ताशा कळत नाही. श्रवणयंत्र लावणाऱ्याला टाळांपासून दूर बसवावं, कारण तो चढा नाद यंत्रात फाटतो आणि कानाला टोचतो. शेजारीच अंध गायक असतील तर हातवाऱ्यांचा त्यांना उपयोग नाही. त्यामुळे प्रत्येक इशारा दुहेरी द्यायचा: हात वर आणि त्याच क्षणी चिपळीचा एक ठोका. आवाज सहन न होणाऱ्या मुलाची खुर्ची दाराजवळ ठेवावी, उठून जायची आणि परत यायची त्याला पूर्ण मुभा असावी, आणि तो परत आला की कोणी टाळ्या वाजवू नयेत.

पक्षाघातानंतर ज्यांचं बोलणं अडतं, त्यांच्या हातात बहुधा खुळखुळा देऊन गप्प बसवलं जातं. वाक्य न जुळणाऱ्या अशा काही जणांना ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणता येतं, हे वाचाउपचारात माहीत असलेलं आहे. त्यांना झीलेत घ्यावं.

पावसाळ्यात चामड्याची वाद्यं खाडीच्या हवेने उतरतात. हलगी आगीवर शेकायची पद्धत वर्गात वापरता येत नाही. तेव्हा ती आधी उन्हात किंवा पिवळ्या बल्बसमोर हातभर अंतरावर दहा मिनिटं धरावी. जवळ धरली तर कडेला चीर जाते. ढोलाला जून ते सप्टेंबर फायबरचं पान चालतं. पेटीच्या आतल्या सुरांच्या धातूच्या पात्या दमटपणाने गंजतात आणि पट्ट्या अडकतात, कपाटात लहान बल्ब सोडून ठेवावा.

एवढं करून काय मिळतं? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्याने जमलेले प्रौढांचे वर्ग, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, एक लेखनाचा, सात महिने पाहिले. गाणाऱ्यांत जवळीक फार लवकर आली. सात महिन्यांअखेर मात्र सगळे वर्ग सारखेच जवळ आलेले होते. आम्हाला यातला दुसरा भागही महत्त्वाचा वाटतो. गाणं पहिल्या महिन्यातलं अवघडलेपण घालवतं. पुढची मैत्री नियमित भेटण्याने होते, त्यामुळे दोन दिवसांच्या शिबिराने काही साधत नाही. आणि गाण्याने घर मिळत नाही, नोकरी मिळत नाही, जातीचा अन्याय मिटत नाही, हेही मान्य करूनच हे काम करावं लागतं. शेजारी कोण राहतं ते कळणं आणि त्याच्या मुलाला नावाने ओळखणं, इतकं मात्र नक्की होतं. त्याचा हिशोब कार्यक्रमांच्या संख्येत ठेवू नये. पहिल्या महिन्यातल्यांपैकी सहाव्या महिन्यात किती जण येतात, झील धरणाऱ्यांपैकी किती जण ओळ टाकू लागले, चहाला कोण कोणाशेजारी बसतं, एवढं वहीत लिहावं.

रंगमंचाबद्दल आमचं मत कडक आहे. कार्यक्रम ठरला की शेवटच्या पंधरवड्यात गाणं ‘बसवलं’ जातं, आणि हळू वाजवणाऱ्याच्या हातात न वाजणारा टाळ येतो. वर्षभरात कमावलेलं तिथे जातं. लोकांना ऐकवायचंच असेल तर नेहमीच्या बैठकीला दहा पाहुणे बोलवावेत, त्यांनाही गोलात बसवावं आणि झील धरायला लावावी.

आता मागणी. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी प्रत्येक प्रभाग समितीत निदान एका शाळेचा तळमजल्याचा वर्ग आठवड्यातून एक दिवस या कामाला विनामूल्य द्यावा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांग कल्याणावर खर्च करायचा आहे. वाद्यांचा संच, उतार आणि पाट त्यातून सहज होतील. विरंगुळा केंद्रांतल्या ज्येष्ठांनी आणि वाशीच्या पालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रातल्या मुलांच्या पालकांनी याच वर्गात यावं, त्यांच्यासाठी वेगळे वर्ग काढू नयेत. वेगळं काढलं की पुन्हा वेगळेपणच उरतं.

शिकवणारे कुठून आणायचे, हाही प्रश्न नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत दरबारातून आणि घराण्यातून सामान्य माणसापर्यंत आणलं. त्यांची दृष्टी लहानपणीच फटाक्याने अधू झाली होती. त्यांच्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आज वाशीतच आहे. मध्यमा, विशारद झालेले कितीतरी जण आपल्या दोन्ही शहरांत आहेत. परीक्षा पास झाल्याने समूह हाताळता येतोच असं नाही, म्हणून त्यांनी आधी सहा बैठका नुसतं झीलकरी म्हणून बसावं. मग प्रत्येक वर्गाला तिघे लागतात: गाणं धरणारा एक, ताल धरणारा एक आणि दारावरचा एक. दारावरचा सर्वांत महत्त्वाचा. तो नव्या माणसाला मदतनीसापासून दोन जागा सोडून बसवतो, नाव नीट उच्चारायला शिकतो आणि पुढच्या आठवड्याला न आलेल्याला फोन करतो. तिघांना थोडं का होईना मानधन असावं, कारण फुकटचं काम परीक्षेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत बंद पडतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी परवानगीच्या कागदात कोणी लिहीत नाही. वर्गाची किल्ली एकट्या शिपायाकडे ठेवू नये. तो रजेवर असला की वीस माणसं कुलपासमोर उभी राहतात, त्यांतली सात-आठ परत येत नाहीत. दुसरी किल्ली दारावरच्याकडे असावी, आणि ती त्याला लेखी पत्राने दिलेली असावी.

आपले,
सामूहिक गायन-वादनाच्या बैठका घेणारे काही संगीतशिक्षक व कार्यकर्ते,
कळवा-ऐरोली